अत्तराची बाटली घेताना आधी झाकण बघा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला जातो तेव्हा कपाटातल्या परफ्यूमचं काय होत असेल याचा विचार फार कमी लोक करतात, आणि मग दिवाळीला बाटली काढली की म्हणतात वास उतरला, माल डुप्लिकेट दिला. बऱ्याचदा माल चांगलाच असतो, जागा नाहीतर बाटली चुकलेली असते.

स्प्रेचं परफ्यूम आणि अत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी धरून चला. स्प्रेमध्ये बहुतेक भाग इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, ते उकळतं ७८ अंशाला पण उडायला त्याला उकळावं लागत नाही, झाकण जरा सैल असलं तरी खोलीत ठेवल्या ठेवल्या कमी होत जातं. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसतंच, उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या डेगमध्ये म्हणजे मोठ्या हंड्यात फुलं पाण्याबरोबर उकळतात आणि ती वाफ चंदनाच्या तेलात पकडतात, त्यामुळे ते सावकाश उडतं. त्या तेलात थोडं पाणी उरतं, ते काढायला कनौजवाले अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवायचे, पाणी कातड्यातून झिरपून उडून जातं आणि तेल आत राहतं. नको ते बाहेर सोडणारं आणि हवं ते धरून ठेवणारं भांडं, आणि तेही कुठल्या लॅबशिवाय शोधलेलं, मला याचं फार कौतुक वाटतं.

आपल्याला मात्र काहीच बाहेर सोडायचं नाहीये, म्हणून काच. काच अत्तराशी काही करत नाही, वास शोषत नाही. त्यातही औषधाच्या बाटलीसारखी तपकिरी काच सगळ्यात बरी, कारण अतिनील आणि निळा प्रकाश ती बराचसा अडवते आणि वासाचे रेणू तोडायचं काम हाच प्रकाश करतो. निळी बाटली दिसते छान, पण या कामात तपकिरीच्या मागे.

प्लॅस्टिकचं म्हणाल तर घरीच बघा, संत्र्याची साल थर्माकोलच्या तुकड्यावर दाबून पिळा, जिथे तो फवारा पडतो तिथे थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. सालीतलं लिमोनिन हे करतं, आणि लिंबू-संत्र्याच्या वासाच्या बहुतेक परफ्यूममध्ये तेच असतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, आणि ते पारदर्शक, कडक, पडलं की तडकणारं स्वस्तातलं प्लॅस्टिक असतं ना, तेही बऱ्याचदा हेच, त्यात अत्तर कधीच भरू नका. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकची बाटली चार दिवसांच्या प्रवासाला चालून जाते, पण प्लॅस्टिक वास पिऊन घेतं आणि नंतर कितीही धुवा, सोडत नाही.

आता झाकण, खरी गडबड इथेच होते. सोलापूरच्या विजापूर वेशीत रमजानच्या बाजारात अत्तरवाल्यांकडे बघा, काचेची शिशी, तिला घासून बसवलेलं काचेचं बूच आणि बुचालाच खाली दांडी, ती मनगटावर टेकवली की झालं. दुकानाच्या फळीवर हे उत्तम आहे, पण ते बूच फक्त घर्षणावर बसलेलं असतं, बॅगेत आडवं झालं की तेल त्या फटीतून चढत बाहेर येतं. प्रवासाला आट्याचंच झाकण पाहिजे आणि आतली चकती टेफ्लॉनची नाहीतर पॉलिप्रॉपिलीनची. रबरी फुग्याचं ड्रॉपर तर अजिबात नको, तेलाने रबर फुगतं, चिकट होतं आणि रबराचा वास अत्तरात उतरतो.

बाटली किती भरायची हाही प्रश्नच आहे. १०० मिली अल्कोहोल २५ अंशावरून ४५ वर गेलं की साधारण २ मिलीने फुगतं, द्रव दाबला जात नाही म्हणून काठोकाठ भरलेली बाटली तापली की झाकणातून वाट काढते. दुसरीकडे रिकाम्या जागेत हवा असते, हवेत ऑक्सिजन, आणि लिमोनिन, लिनालूल अशा वासाच्या रेणूंना ऑक्सिजन लागला की वास आंबट, जुनाट होत जातो. फ्रान्समध्ये व्हर्सायला ओस्मोथेक म्हणून परफ्यूमचं संग्रहालय आहे, १९९० पासून, ते जुनी परफ्यूम अंधारात १२ अंशावर आणि वर आर्गॉन हा कशाशीच क्रिया न करणारा वायू भरून ठेवतात, एवढी ही हवा वाईट. घरी आर्गॉन कुठला, म्हणून ठेवणीतलं मोठ्या बाटलीत तळाशी पडू न देता छोट्या बाटलीत काढावं, आणि प्रवासाच्या १० मिलीच्या बाटलीत ९ भरावं.

विमानाला हीच ९ ची भरती कामाला येते. केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट होतो, बाटलीतली हवा पसरते आणि स्प्रेच्या नळीतून द्रव वर ढकलते, म्हणजे हवा जितकी कमी तितकी गळती कमी. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून उडा नाहीतर पुण्याहून, बाटली उभी आणि झिपच्या पिशवीत ठेवा. परदेशी जाताना हँडबॅगेत साधारणपणे १०० मिलीपर्यंतचीच बाटली चालते आणि मोजतात ती बाटलीची क्षमता, २०० च्या बाटलीत ५० उरलं असलं तरी काढून घेतात.

घरात पत्र्याखालची खोली, पश्चिमेची भिंत, बाथरूम आणि गाडीचा डॅशबोर्ड सोडून कुठेही, आतल्या खोलीत, खोक्यासकट. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते.

नवी बाटली घेतली की लोक पाणी भरून उलटी करतात आणि गळत नाही म्हणून खूश होतात, पण पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त असतो, पाणी जिथे अडतं तिथून अल्कोहोल आरामात निघून जातं. मेडिकलमधलं स्पिरिट भरा, गॅसपासून लांब, आणि रात्रभर टिश्यूवर उलटी ठेवा. स्पिरिट डाग न ठेवता उडून जातं, म्हणून त्यात आधी पेनाची दोन थेंब शाई टाका.