ब्रुकलिनचे डॉजर्स : एका हळव्या आठवणीची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दुसऱ्या महायुद्धानंतर लहानाची मोठी झालेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. डॉजर्स या बेसबॉल संघाचा विषय निघाला की त्यांचे डोळे अजून भरून येतात. हा संघ त्यांच्या वस्तीत राहत होता, हे त्याचं मूळ आहे. १९१३ साली सुरू झालेलं एबेट्स फील्ड मैदान भर वस्तीत होतं. संघातले खेळाडू पी वी रीस आणि ड्यूक स्नायडर ब्रुकलिनच्याच बे रिज भागात भाड्याने राहत. त्यांचा सहकारी गिल हॉजेस तर ब्रुकलिनचा जावईच. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, २१ वेळा बॅट धरूनही त्याला एकही हिट (बेसपर्यंत पोचवणारा फटका) मिळाली नाही. पुढच्या मोसमातही तो चाचपडत राहिला, तेव्हा एका पाद्र्याने चर्चमध्ये जमलेल्यांना त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. अपयशी खेळाडूवर इतकी माया करणारं गाव विरळाच.

१५ एप्रिल १९४७ रोजी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून याच मैदानावर उतरला आणि मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतली वर्णभेदाची सहा दशकं जुनी भिंत फुटली. माझ्या मते या आठवणींना नैतिक वजन आलं ते इथे. आपल्या लाडक्या संघात काळे-गोरे एकत्र खेळताना त्या मुलांनी रोज पाहिले.

१९४१ ते १९५३ या काळात हा संघ पाच वेळा न्यूयॉर्कच्याच यँकीज संघाकडून अंतिम मालिका हरला. 'पुढच्या वर्षी बघू' हे ब्रुकलिनचं पालुपदच झालं. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी तेविशीतल्या जॉनी पॉड्रेसच्या गोलंदाजीवर डॉजर्सनी यँकीजविरुद्धच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना २-० असा जिंकला.

दोनच वर्षांत सगळं संपलं. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवं मैदान बांधायचं होतं; नगररचनेची सूत्रं हाती असलेले रॉबर्ट मोझेस त्या जागेला राजी झाले नाहीत. २४ सप्टेंबर १९५७ च्या अखेरच्या सामन्याला सात हजारही प्रेक्षक नव्हते. संघ लॉस एंजेलिसला गेला, १९६० मध्ये मैदान पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्या. नायक म्हातारे होताना पाहण्याआधीच ते दूर गेले, म्हणून मुलांच्या मनात ते तरुणच राहिले.

हॉजेस मात्र परतला. १९६९ साली न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाला त्याने प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून दिलं. १९७२ मध्ये त्याचं निधन झालं. थोर बेसबॉलपटूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला २०२२ साल उजाडावं लागलं.