‘नळ्या बंद’ या निदानामागची दीडशे वर्षं

मूल होत नाही म्हणून तपासणीला गेलेल्या बाईला बरेचदा ‘नळ्या बंद आहेत’ असं सांगितलं जातं. या नळ्या म्हणजे बीजांड गर्भाशयापर्यंत पोचवणाऱ्या गर्भनलिका. त्या बंद का होतात, हे कळायला वैद्यकाला फार वेळ लागला. याचं एक कारण मला तरी असं दिसतं, की उत्तर नवऱ्यांच्या अडचणीचं होतं.

एमिल नॉगेराथ हा मूळचा जर्मन डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांवर उपचार करी. १८७२ साली त्याने लिहिलं, की परमा (शरीरसंबंधातून पसरणारा गनोरिया) बरा झाला असं समजून पुरुष लग्न करतात, पण रोग आत दबा धरून बसलेला असतो. तो बायकोला लागतो आणि तिचं वांझपण पुष्कळदा त्यातूनच येतं. १८७६ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे त्याने हेच मांडलं, तेव्हा बहुतेकांनी ते उडवून लावलं. त्याचे आकडे फुगवलेले होते हे खरं, आणि दाखवायला जंतूही नव्हता. तो १८७९ मध्ये आल्बर्ट नायसरला सापडला.

दुसरा गुन्हेगार क्लॅमिडिया, शरीरसंबंधातूनच पसरणारा आणखी एक जंतू. १९०७ साली जावात, खुपऱ्या झालेल्या डोळ्यांचा अभ्यास करताना तो प्रथम दिसला. पेशीच्या आतच वाढतो म्हणून कित्येक दशकं त्याला विषाणू समजत. तो जिवाणू आहे हे १९६० च्या दशकात पक्कं झालं. बहुतेक बायकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. कधी अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि तेही अंगावर काढलं जातं. तोवर नळीच्या आतल्या नाजूक अस्तरावर व्रण धरतो.

नेमका हिशेब मांडला तो स्वीडनमधल्या लुंडच्या लार्स वेस्ट्रोम यांनी. ओटीपोटाचा संसर्ग पोटात दुर्बीण घालून पाहून खात्री केलेल्या स्त्रियांचा त्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. १९९२ च्या त्यांच्या अहवालानुसार संसर्ग एकदा झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नळ्या खराब झाल्याने मूल झालं नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के, तर तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होतं.

आपल्याकडे मात्र आणखी एका जंतूचा विचार करावाच लागतो, तो क्षयाचा. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये बर्लिनला जाहीर केलेला हा जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतो. इथे नवऱ्याचा काही संबंध नसतो. खोकला नाही, ताप नाही; पाळी कमी होते किंवा तेवढंही नाही. जंतू इतके थोडे असतात की तपासणीतही निसटतात. औषधांनी क्षय बरा होतो, पण व्रणाने चिकटलेली नळी सहसा मोकळी होत नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र मुळात अशा बंद नळ्यांसाठीच आलं. १९७८ मध्ये इंग्लंडात पहिल्या बाळाला जन्म देणाऱ्या लेस्ली ब्राउन यांच्या नळ्या बंद होत्या. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी १९८६ मध्ये ते यशस्वी केलं. नळी वगळून गर्भ थेट गर्भाशयात सोडता येऊ लागला. पण क्षयाने गर्भाशयाचं अस्तरही खाल्लं असेल, तर तो गर्भ रुजायला जागाच उरत नाही.