काळा एलन बोल्ट की स्टेनलेसचा : १२.९ आणि ए२-७०

नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत एम८ मापाचा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) मागितला, तर काळा हवा की स्टेनलेसचा, एवढाच प्रश्न बहुधा समोरून येतो. दोघांची मापे आयएसओ ४७६२ या एकाच मानकाने ठरलेली असल्यामुळे आटे, डोके आणि लागणारी एलन की यांत काहीच फरक दिसत नाही, आणि मग चकाकणारा व महागडा बोल्ट अधिक मजबूत असणारच, हा समज हिंगण्याच्या कारखान्यांतही सहज रुजतो. तो चुकीचा आहे.

काळ्या बोल्टच्या डोक्यावर सहसा १२.९ असा शिक्का असतो. त्यातील १२ म्हणजे नाममात्र १२०० मेगापास्कल (चौरस मिलिमीटरमागे १२०० न्यूटन) ताणशक्ती, म्हणजे तुटण्यापूर्वी पेलवणारा कमाल ताण, तर पुढचा ९ सांगतो की त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १०८० मेगापास्कलपर्यंत, बोल्ट ताणून सोडल्यास मूळ लांबीवर परत येतो. स्टेनलेसच्या बोल्टवर सहसा ए२-७० असे असते; त्यातील ७० म्हणजे किमान ७०० मेगापास्कल ताणशक्ती. पण कायमची लांबी वाढण्याची त्याची मर्यादा ४५० मेगापास्कलच धरली जाते, आणि बोल्ट आवळताना खरी महत्त्वाची मर्यादा हीच असते. एम८ बोल्टचे परिणामी क्षेत्रफळ, म्हणजे आट्यांच्या भागात ताण पेलणारा छेद, ३६.६ चौरस मिलिमीटर धरले, तर काळा बोल्ट सुमारे साडेएकोणचाळीस किलोन्यूटन आणि स्टेनलेसचा अवघे साडेसोळा किलोन्यूटन ताण पेलतो. प्रेसच्या डायमध्ये (साच्यात) काळ्याच्या जागी स्टेनलेसचा लावला, तर जोड सैल होणे ठरलेलेच.

हा फरक घडणीतून येतो. १२.९ साठी क्रोमियम, मॉलिब्डेनम यांसारखी मूलद्रव्ये असलेले मिश्रपोलाद तापवून तेलात विझवतात आणि ठिसूळपणा घालवण्यासाठी निदान ४२५ अंश सेल्सिअसवर पुन्हा तापवतात. ए२ हे ३०४ या प्रचलित स्टेनलेस प्रतीच्या कुळातले, साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेलचे पोलाद असून विझवल्याने ते कठीण होतच नाही. त्याचे बळ थंड अवस्थेत दाबण्या-ओढण्यातून येते.

गंजाच्या बाबतीत मात्र पारडे उलटते, कारण काळा रंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर आणि थोडे तेल, जे नागपूरच्या एका पावसाळ्यातही उघड्यावर टिकत नाही. त्यावर उपाय म्हणून १२.९ वर विजेने जस्ताचा मुलामा चढवून घेणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि नीट आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटू शकतो. मुलाम्यानंतर लगेच भट्टीत तापवल्याने धोका कमी होतो, पण तशी खात्री कितीजण करून घेतात? वीज न वापरता दिलेला जस्तकणांचा लेप तुलनेने सुरक्षित.

स्टेनलेसची खोड वेगळी : स्टेनलेसच्याच नटात तो मशीनने वेगाने फिरवला, तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून वंगण लावून हळू आवळावा.

चुंबकाची परीक्षा दोघांना वेगळे करते खरी, तरी थंड घडणीमुळे अस्सल ए२ बोल्टही किंचित ओढला जातो, तेव्हा तेवढ्यावरून त्याला बनावट ठरवू नये. डोक्यावरचा शिक्का वाचावा, आणि शिक्काच नसेल तर तो बोल्ट भार पेलणाऱ्या जोडाला लावू नये.