‘75 हजार डॉलरनंतर सुख वाढत नाही’: मूळ अभ्यास काय सांगतो?

वर्षाला 75 हजार डॉलर मिळाले की पुढच्या पैशाने सुख वाढत नाही, हे वाक्य 2010 पासून फिरतंय. आकडा मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांच्या अभ्यासाचा, अमेरिकी कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नाचा. त्याचे रुपये करून इथल्या पगाराला लावणं म्हणजे शुद्ध गंमत.

शिवाय त्याच अभ्यासात ‘आयुष्याबद्दल एकूण समाधान’ 75 हजारांनंतरही वाढतच होतं. थांबली होती ती रोजची मनःस्थिती. तीही ‘काल हसलात का? काळजी वाटली का?’ अशा हो-नाही प्रश्नांनी मोजलेली. बहुतेक जण आधीच ‘हो, हसलो’ म्हणत असतील, तर त्याहून वरचा फरक दिसणार कसा?

संशोधक मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी 2021 मध्ये फोनवरून ‘आत्ता कसं वाटतंय?’ विचारलं, उत्तराला ‘फार वाईट’ ते ‘फार छान’ अशी सलग पट्टी दिली. उत्पन्नाबरोबर सुखाचा आलेख 75 हजारांनंतरही चढताच राहिला. 2023 मध्ये कानेमन यांनी त्यांच्याबरोबर बसून ही आकडेवारी पुन्हा तपासली. थांबा सापडला, पण फक्त सर्वांत दुःखी अशा सुमारे 20 टक्के लोकांत, लाखभर डॉलरच्या आसपास.

मात्र ही चढण टक्क्यांची आहे: पगार किती रुपयांनी नाही, किती टक्क्यांनी वाढला हे महत्त्वाचं. 25 हजार पगारात पाच हजारांची वाढ जे देते, त्यासाठी लाखाच्या पगारात वीस हजार लागतात. जास्त पगाराची नवी नोकरी रोजचे दोन तास प्रवासात घेणार असेल, तर आधी हा हिशेब मांडा.