मील्के, एरिख

(२८ डिसेंबर १९०७ – २१ मे २०००). पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस यंत्रणेचा प्रमुख. बर्लिनच्या वेडिंग या कामगारवस्तीत जन्म. तरुणपणीच तो कम्युनिस्ट पक्षात गेला. ९ ऑगस्ट १९३१ रोजी ब्यूलोप्लाट्झ चौकात पाउल आनलाउफ व फ्रान्झ लेंक या पोलीस अधिकाऱ्यांचा गोळ्या घालून खून झाला. मारेकऱ्यांपैकी एक असलेला मील्के मॉस्कोला पळाला. स्पेनचे यादवी युद्ध आणि फ्रान्समधला अज्ञातवास आटोपून १९४५ मध्ये तो बर्लिनला परतला.

श्टाझी म्हणजे राज्य सुरक्षा मंत्रालय; स्थापना १९५० ची. मील्के १९५७ मध्ये तिचा मंत्री झाला आणि पुढची ३२ वर्षे खुर्ची सोडली नाही. १९८९ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येच्या या देशात श्टाझीचे ९१,००० पगारी नोकर होते; शेजारी, सहकारी, कधी घरातलेच असे खबरे त्याच्या जवळपास दुप्पट. मागे उरलेले दप्तर एकापुढे एक मांडले तर १०० किलोमीटरच्या वर जाते. सत्ताधारी पक्षाचा नेता होनेकर याच्या नाझीकालीन खटल्याची कागदपत्रेही मील्केने लाल सुटकेसमध्ये जपून ठेवली होती. वरिष्ठाचीही फाइल हवीच! लिश्टेनबर्गमधील त्याच्या कचेरीत आता संग्रहालय आहे. तिथे न्याहारी कशी मांडायची याची चिठ्ठी पाहायला मिळते : अंडी साडेचार मिनिटे उकडलेली.

फुटबॉलचे त्याला वेड. त्याचा लाडका ‘डायनामो बर्लिन’ संघ १९७९ ते १९८८ सलग दहा वेळा पूर्व जर्मन लीगचा विजेता ठरला. पंच कोणाच्या बाजूने आहेत याची कुजबुज प्रेक्षकांत चाले, पण दबक्या आवाजात.

१३ नोव्हेंबर १९८९ रोजी संसदेत बोलताना तो सदस्यांना सारखा ‘कॉम्रेड’ म्हणत राहिला. इथे सगळेच कॉम्रेड नाहीत, असे एकाने सुनावल्यावर तो गडबडून म्हणाला, “पण मी प्रेम करतो सर्वांवर, सगळ्याच माणसांवर.” सभागृहात हशा पिकला. ज्याच्या नावाने लोक चळचळा कापत त्याला लोक तोंडावर हसले, इथेच त्याचा दरारा संपला.

डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली. १९९३ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ती मात्र श्टाझीच्या कारभारासाठी नव्हे, १९३१ च्या दुहेरी खुनासाठी. त्या प्रकरणाची जुनी कागदपत्रे त्याच्याच तिजोरीत सापडली होती. १९९५ मध्ये त्याची सुटका झाली. बर्लिन भिंत ओलांडू पाहणाऱ्यांच्या हत्यांचा खटला प्रकृतीच्या कारणास्तव पूर्णत्वास गेलाच नाही.