मशीन बंद, होडी चालूच

आमच्याकडे खाडी ओलांडायची म्हणजे तरीवर जायचं. पलीकडचा धक्का चांगला लांब असतानाच होडीवाले काका मशीन बंद करतात. फटफट थांबते, फळ्यांवर आपटणारं पाणी ऐकू यायला लागतं, पण होडी सरकतच राहते आणि अलगद धक्क्याला टेकते. एकदा बाजाराच्या दिवशी होडी गच्च भरली होती. त्या दिवशी काकांनी मशीन नेहमीपेक्षा बरंच आधी बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "भरलेली होडी लवकर ऐकत नाय."

शाळेच्या पुस्तकात यालाच जडत्व म्हणतात. काकांचे शब्द मला जास्त नेमके वाटतात.

जोर लावला की वस्तू चालते, जोर काढला की थांबते, असं आपण धरूनच चालतो. ॲरिस्टॉटललाही तसंच वाटत होतं आणि त्याचं म्हणणं जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं. टिकणारच, कारण हातगाडीपासून जात्यापर्यंत रोजचा अनुभव तेच सांगतो. गॅलिलिओने प्रश्नच उलटा केला: वस्तू चालत का राहते हे नको, ती थांबते का ते सांगा. न्यूटनने 1687 मध्ये ते नियम म्हणून मांडलं. बाहेरून बल लागलं नाही, तर चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेला, सरळ जात राहते.

मग भर खाडीत मशीन चालू कशाला ठेवायचं? कारण पाणी होडीला सारखं मागे रेटत असतं. होडी एका वेगाने सरळ चालली असेल, तेव्हा मशीनचा पुढचा जोर आणि पाण्याचा व वाऱ्याचा मागचा रेटा अगदी बरोबरीत असतात. म्हणजे चालत्या होडीवरचं एकूण बल शून्य! हे पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की गतीकडे बघायची नजरच बदलते. मशीन बंद केलं की पाण्याचा रेटा एकटा उरतो आणि वेग कमी होत जातो. किती झपाट्याने, ते वजनावर ठरतं. रेटा तेवढाच धरला आणि 200 किलोची होडी माणसं-सामानासकट 600 किलोची झाली, तर वेग एक तृतीयांश दराने उतरेल. भरलेली होडी खोल बसते, त्यामुळे पाणी तिला थोडं जास्त अडवतं, पण वाढलेल्या वजनापुढे ते पुरत नाही.

पाण्याने अडवावं तसं जमिनीने आपल्याला अडवलं नाही तर काय होतं, ते पावसाळ्यात पाखाडी उतरताना कळतं. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं. पुढे टाकलेला पाय एरवी घर्षणाने जागच्या जागी थांबतो. शेवाळावर त्याला थांबवणारं कुणी नसतं, म्हणून तो पुढेच जातो आणि आपण पाठीवर. श्रावण लागायच्या आत शेवाळ खरवडून काढायचं ते यासाठीच.

गॅलिलिओने 1632 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जहाज संथपणे एका वेगाने चाललं असेल, तर आतल्या बंद खोलीत बसून ते चाललंय की उभं आहे हे सांगता येत नाही. आपल्याला जहाज नको, कोकण रेल्वे पुरे. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात बाहेर काळोख असतो. गाडी एका वेगाने सरळ धावत असताना नाणं फूटभर वर उडवा. ते साधारण अर्धा सेकंद हवेत राहतं. ताशी 90 किलोमीटरने तेवढ्यात गाडी साडेबारा मीटर पुढे गेलेली असते, तरी नाणं तुमच्याच हातात पडतं. हात सुटला तेव्हाच गाडीचा वेग त्याच्या अंगात होता, तो काढून घ्यायला मध्ये कुणी आलं नाही.

आता परत धक्क्यावर. होडी टेकली की पोरांना उडी मारायची घाई असते. उडी मारताना आपण होडीला मागे ढकलतो, तेवढ्याच बलाने होडी आपल्याला पुढे ढकलते. 50 किलोच्या पोराने सेकंदाला 2 मीटर वेगाने उडी घेतली, तर 200 किलोची रिकामी होडी सेकंदाला अर्धा मीटर मागे सरकू लागते. पाय निघायच्या आतच ती सरकायला लागलेली असते, म्हणून उडी अपुरी पडते. तेव्हा काका ओरडतात, "थांब रे, दोर बांधू दे!" दोर खुंट्याला बांधला की मागे जाणाऱ्या होडीला धक्काच धरून ठेवतो. मग म्हातारी माणसंही टोपली डोक्यावर घेऊन सावकाश उतरतात.