बाळ निगेटिव्ह निघालं, आणि आईचा रिपोर्ट?

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत पहिलं बाळंतपण अजून माहेरीच होतं, सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं की मुलगी खंडव्याला, बुऱ्हाणपूरला नाहीतर थेट जळगावला जाते आणि बाळ दोन-अडीच महिन्यांचं झाल्याशिवाय परत येत नाही. एचआयव्हीची गोळी चालू असलेल्या बाईच्या तपासण्या तुटतात त्या नेमक्या या दिवसांत, आणि असं का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागेल, कारण ही सगळी सोय मुळात बाळाला वाचवायला उभी राहिली, आईचा विचार फार उशिरा झाला.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. तेव्हा गरोदर बाईला द्यायला काहीच नव्हतं. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या ट्रायलचे आकडे आले की आईला गरोदरपणात झिडोव्हुडीन, कळांच्या वेळी सलाईनमधून तेच, आणि बाळाला सहा आठवडे तेच औषध दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर येतं. पण ते आपल्यासारख्या देशांना परवडण्यातलं नव्हतं. मग १९९९ मध्ये युगांडातून नेव्हिरापिन आलं, कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी, बाळाला ७२ तासांच्या आत थोडंसं औषध, झालं. आपल्या सरकारी दवाखान्यांतही पुढे हेच सुरू झालं. आता यात आईवर लक्ष ठेवायचा प्रश्नच कुठे येतो, एक गोळी घेतली आणि बाई घरी! तिचा स्वतःचा आजार तसाच. फुकट एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, १ एप्रिल २००४ ला सुरू झालं खरं, पण पहिल्या यादीत महाराष्ट्र होता, आपलं एमपी नव्हतं.

त्यात अजून एक घोळ निघाला. नेव्हिरापिन रक्तातून लवकर जात नाही, आठवडा दोन आठवडे थोडं थोडं राहतं, आणि सोबत दुसरं औषध नसलं की व्हायरस त्याला सरावतो. म्हणजे बाळासाठी घेतलेल्या एका गोळीने आईचंच पुढचं औषध निकामी व्हायची भीती, आणि फुकट मिळणाऱ्या औषधांतलं मुख्य औषध तेव्हा तेच! मला तरी हे वाचून चीडच आली, पण त्यावेळी हाताशी दुसरं स्वस्त काही नव्हतं हेही खरंच आहे.

मग सीडीफोरचा जमाना, म्हणजे एचआयव्ही रक्तातल्या ज्या पेशी मारतो त्या किती उरल्या ते मोजायचं. आकडा ३५० च्या खाली आला की एआरटी चालू, नाहीतर थांबा. गरोदरपणी अंगात पाणी वाढतं, रक्त पातळ होतं आणि सीडीफोरचा आकडा आपोआप खाली दिसतो, बाळंत झाल्यावर परत वर येतो, तो औषधाने वाढला की आपोआप हे नुसत्या आकड्यावरून कसं सांगणार? हा गोंधळ मलावीने २०११ मध्ये सरळ मोडून टाकला, आकडा बघायचाच नाही, गरोदर आहे आणि पॉझिटिव्ह आहे तर औषध सुरू, तेही जन्मभर. २०१३ मध्ये डब्ल्यूएचओने तेच म्हटलं आणि भारतात जानेवारी २०१४ पासून लागू झालं.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती हे मोजणारी टेस्ट, आपल्याकडे सगळ्यांसाठी नियमित व्हायला २०१८ उजाडलं. आता गरोदर बाईची ती ३२ ते ३६ आठवड्यांत करायची असते, हजाराच्या आत आली तर बाळाला सहा आठवडे एकच औषध, वर गेली तर दोन. पुन्हा बघा, टेस्ट आईची पण ठरतं बाळाचं. बाळाचं तर सगळं व्यवस्थित आखलेलं आहे, सहा आठवड्यांचं झालं की टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदावरच्या गोलांत घ्यायचे, सुकवून लॅबला पाठवायचे, मग सहा महिने, बारा, अठरा.

आणि आई? २०१२ मध्ये वेगवेगळ्या देशांतले ५१ अभ्यास एकत्र करून बघितले तर गरोदरपणी नीट गोळ्या घेणाऱ्या साधारण ७६ टक्के, बाळंतपणानंतर ५३. रात्री बाळ झोपू देत नाही हे एक, पण माहेरी घरभर बायका असताना डबी खुळखुळली तर कोण काय विचारेल ही धास्ती जास्त, मग कुणी डबीत कापूस कोंबतं, कुणी गोळ्या साध्या पुडीत बांधून नेतं. अंगावर पाजणं चालू असेतोवर आईचा लोड वाढला की धोका बाळालाही, म्हणून डब्ल्यूएचओ सांगतं की बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी टेस्ट करा आणि पाजणं चालू आहे तोवर दर सहा महिन्यांनी.

माहेरी जायच्या आधी आपल्या एआरटी सेंटरला (इंदूरात एमवाय हॉस्पिटलला आहे) सांगून ठेवलं तर तिकडच्या सेंटरवर गोळ्या मिळायची सोय करता येते, फक्त सेंटरची वही सोबत न्यावी लागते. ती माहेरी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून बरेचदा इथेच कपाटात राहते, आणि सव्वा महिन्याच्या आधी बाळंतिणीला घराबाहेर कुठे निघालीस म्हणून विचारणारे दहा जण असतातच.